अपडाउन साहेब

"सत्तर किलोमीटर जा, सत्तर किलोमीटर ये! मी मानूस हाय का गाडीचं चाक?"

अकोल्यातल्या त्या घरात रोज सकाळी नऊला हे वाक्य ऐकू यायचं. बोलणारा रामकिसन, वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत बाबू. तालुक्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर बाकीचे तालुके उगाच हसतील, आणि त्यांनी हसावं असं काही नाही.

त्याची बायको विजयमाला डबा हातात देत म्हणायची, "मंग तिथं खोली घ्या ना. मी कुठं पदर धरून बसली?"

"अन् पोराचे, प्रज्वलचे क्लास?"

"क्लास प्रज्वलचे हायेत. तुमचे नाईत."

रामकिसन चावी शोधायला लागायचा.

या रोजच्या अपडाउनचं, जाण्यायेण्याचं, त्याचं दुःख खोटं नव्हतं बरं! शहरातून बाहेर पडायलाच पाऊण तास. सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागचा भोंगा वाजवणार, ऑटोवाला मधेच ब्रेक मारून सवारी उतरवणार, एखादा ट्रॅक्टर भर रस्त्यात उभा करून मालक चहा पिणार. रामकिसनचा हात भोंग्यावरून हलायचा नाही. गाडीत तो एकटा, बाकी चार जागा रिकाम्या. कचेरी पावणेदहाची, हा पोचायचा अकराला. संध्याकाळी गर्दी लागू नये म्हणून चारलाच निघायचा. त्यामुळे सगळी कामं घाईघाईत. तरी त्याला वाटायचं, या दुनियेत आपल्याइतकं सोसणारा कोणी नाही.

त्या मंगळवारी तर कहर झाला. शहराबाहेर सरकीचा ट्रक आडवा पडलेला. तिथून सुटला, तर पुढे एका फाट्याजवळ रस्त्याचं काम. लाल झेंडीवाल्याने गाड्या अडवल्या. पावणेअकरा वाजले होते. रामकिसनने कचेरीतल्या शिपायाला, लखमाला, फोन लावला. "कोनी इचारलं तर साहेब दौऱ्यावर गेले म्हणून सांग." तो फोन ठेवतो न ठेवतो तोच बाहेरून कोणीतरी गाडीचं मागचं दार उघडलं.

एक म्हातारी पिशवी सावरत आत बसली. दार आपटून म्हणाली, "चाल भाऊ, एक सीट."

"अवो माय, हे जीप नाई! खासगी गाडी हाय!"

"खासगी?" म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं. "मंग चार सीटा खाली कायले नेऊन राह्यला?"

मागचे भोंगे वाजायला लागले. झेंडी हिरवी झाली होती. म्हातारीला उतरवायला वेळच नव्हता. रामकिसनने चडफडत गाडी पुढे काढली.

म्हातारीचं नाव धनीबाई. तांड्यावरची. मुलगा मोहनसिंग आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरी ही आणि नात अंजू. हे सगळं तिने न विचारता पहिल्या दोन किलोमीटरमध्येच सांगून टाकलं.

"अंजूचा नंबर लागला नरसिंगले, दवाखान्यातली नर्स व्हाच्या शिक्षनाले," ती म्हणाली. "आमच्या तांड्यातली पयली पोर! उद्या अकोल्याले कागद दाखवाचे हायेत. उद्या नाई दाखवले तं जागा दुसऱ्याले."

"मंग दाखव ना."

"काय दाखवू? दाखल्यावर अंजूची संजू करून ठेवली! पोरीचा पोरगा केला मेल्यानं! ते नीट कराले चौथ्यांदा चालली मी. दीड कोस पायी फाट्यावर येतो, जीपची वाट पायतो. कचेरीत गेलं की साहेब आले नाईत, नाई तं साहेब गेले."

रामकिसनने गाडीचा वेग कमी केला. दाखले तोच तयार करायचा. "कोन साहेब?" त्याने हळूच विचारलं.

"अपडाउन साहेब."

"काय?"

"अपडाउन. थो शिपाई दर खेपी सांगते, 'माय, साहेब अपडाउन हायेत.' नाव नवीनच वाटलं मले. आमच्या इकडं अमरदीप असते, सेवालाल असते. अपडाउन काई आयकलं नाई. तुले मालूम हाय का रे, कोन्या गावचा हाय थो?"

एरवी रामकिसन खो खो हसला असता. आज मात्र अंजूची संजू कधी झाली असेल ते त्याला कळून चुकलं. चारला पाच कमी, एक डोळा कागदावर, एक घड्याळावर आणि गाडीची चावी हातात! आपण पंधरा मिनिटं वाचवली आणि एका पोरीचं आयुष्य पणाला लागलं!

"माय," तो जरा वेळाने म्हणाला, "थो साहेब लय लांबून येते. रस्ता खराब, गर्दी. त्याले बी तरास हाय."

"असन ना! मी कुठं नाई म्हणतो?" धनीबाई म्हणाली. "पन त्याले गाडी हाय. मले पाय हायेत. त्याचा उशीर झाला तं कोनी इचारत नाई. माया उशीर झाला तं पोरीची जागा जाते. उशीर त्यानं कराचा अन् भोगाचं आमी, हे कोनतं गनित, सांग!"

रामकिसनने उगाच आरसा नीट केला.

"अन् रस्त्याले शिव्या देऊन काय होते?" ती बाहेर पाहत बोलत होती. "जिथलं खाचं, तिथं राहाचं बी लागते थोडंसं. लेकराले फाट्यावरून हाका मारून कोनी वाढवते का?"

गाव आलं. तिने कमरेची पिशवी सोडून भाडं पुढे केलं. रामकिसनने गाडी थांबवली आणि मागे वळला.

"माय, त्या साहेबाचं नाव अपडाउन नाई. रामकिसन हाय. थो मीच. तुया अंजूची संजू मीच केली."

धनीबाईने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग भाड्याचे पैसे गुपचूप परत पिशवीत टाकले.

"साहेबाच्या हातात पैसे देतानी कोनी पायलं तं लोक भलतंच समजतीन," ती म्हणाली. "अन् आता बसून काहून राह्यला? चाल ना लवकर! आज तरी सापडला तू!"

कचेरीच्या पायरीवर लखमा उभा होता. साहेबांना पाहून तो गोंधळला. "साहेब, तुमी तं दौऱ्यावर..."

"दौराच होता, लखमा," रामकिसन म्हणाला. "आजच खरा झाला."

त्याने आधी धनीबाईला खुर्ची दिली, मग दाखल्याचं काम काढलं. मशीन अडलं, वरच्या साहेबांची सही अडली. चार वाजले, पाच वाजले, रामकिसन जागचा उठला नाही. सव्वापाचला नवा दाखला हातात आला. त्याने 'अंजू मोहनसिंग' ही अक्षरं बोट ठेवून तीनदा वाचली आणि धनीबाईला थेट तांड्यावर नेऊन सोडलं. त्या संध्याकाळी शहरात शिरताना गर्दी नेहमीचीच होती, पण त्याचा हात भोंग्यावर गेला नाही.

घरी आल्यावर तो विजयमालाला म्हणाला, "खोली पायतो तिथं. शुक्रवारी येत जाईन."

"देवा!" ती म्हणाली. "मी इतके वर्सं सांगून राह्यली थे आयकलं नाई. आज कोनाचं आयकलं?"

"एका सवारीचं."

दोन महिने गेले. धनीबाई स्वतःच्या कामासाठी पुन्हा कचेरीत आली. पावणेदहाच वाजले होते. तिने दारातूनच विचारलं, "अपडाउन साहेब आला का?"

लखमा गंभीर चेहरा करून म्हणाला, "थो साहेब बदलला, माय."

"बदली झाली?" म्हातारीचा चेहरा उतरला. "चांगला होता रे शेवटी शेवटी. कोन्या गावाले गेला?"

"बदली नाई झाली. बदलला म्हणलं! पाय ना आत."

आत रामकिसन टेबलाशी बसला होता. समोर तीन माणसं, प्रत्येकाला खुर्ची. धनीबाईला पाहून तो उठला. "ये माय! अंजू कशी हाय? येत्या शुक्रवारी अकोल्याले जातो मी, तिले भेटाले येशीन का? आता चारही सीटा भरूनच नेतो. एक तुयी ठेवतो."

मित्रहो, रस्ता लांब असतो, गर्दी जीव नकोसा करते, हे सगळं खरं. पण आपल्या प्रत्येकाच्या टेबलापलीकडे कोणीतरी आपल्याहून लांबून, आपल्याहून लवकर निघून आलेलं असतं. आपल्या उशिराचं भाडं त्याच्याकडून वसूल करायचा हक्क आपल्याला कोणी दिला? लोक आपल्याला कोणत्या नावाने ओळखतात, हे एकदा शिपायाला नाही, दारात ताटकळणाऱ्या माणसाला विचारून पाहावं!