चौथ्या खोलीची ऊब

मित्रांनो, मी एक जुना हीट पंप आहे. पंप म्हटल्यावर विहिरीचं पाणी उपसणारा कुणी तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तुमची चूक नाही. माझ्या घरातल्या छोट्या ठकीलाही पहिले काही दिवस तसंच वाटत होतं. मी पाणी नाही, ऊब उपसतो. कडाक्याच्या थंडीतही बाहेरच्या हवेत थोडी ऊब उरलेली असते. ती गोळा करून मी नळ्यांतून घरात पाठवतो. उन्हाळ्यात याच्या उलट, घरातली उष्णता बाहेर आणून टाकतो. मी स्वतः मात्र जन्मभर घराबाहेर, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी उभा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, तांब्याच्या नळ्या वळवल्या, पोटात पंखा बसवला आणि कुशीला चार खोल्यांच्या नळ्या जोडायची सोय केली. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक पेटी, प्रत्येक पेटीला वेगळा रिमोट. म्हणजे धनी चार आणि राबणारा मी एकटा. मग मला एका दुकानात आणून उभं केलं आणि तिथे एके दिवशी माझी माणसं आली.

ठकीचे बाबा सुतार होते आणि स्वतःचं नवं घर बांधत होते. आई बेकरीत भट्टीपाशी काम करायची. घरी यायची ती जणू भट्टी अंगात घेऊनच. बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, फुलांच्या शीतगृहात कामाला होती. संध्याकाळपर्यंत तिची हाडं गारठून जायची. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण यांच्या जुन्या घरात हीटर एकच होता आणि त्याचं बटणही एकच. आत्याने ते वर करायचं, आईने जाता-येता खाली करायचं. शेवटी बटणावरचे आकडे पुसून गेले, पण कुरबुर काही पुसली गेली नाही. बाबांची गत अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी झाली होती. हे सगळं मला दुकानातच कळलं, कारण तिघांनीही ते दुकानदाराला आपापल्या बाजूने ऐकवलं.

आणखी एक गोष्ट कळली. आत्या नव्या घरात राहायला येणार नव्हती. तिने कामाजवळ एक भाड्याची खोली पाहून ठेवली होती. ती हे भांडून म्हणाली असती तर बाबांनी समजूत घातली असती. पण ती अगदी शांतपणे म्हणाली होती, म्हणून बाबा धास्तावले होते.

दुकानदार समंजस होता. उगाच मोठं यंत्र घेऊ नका म्हणाला, ते सारखं चालू-बंद होत राहतं आणि लवकर झिजतं. खोल्या किती, खिडक्या कुठे, ऊन कुठल्या बाजूने येतं, हे त्याने विचारलं. बाबांनी प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीने काढलेला घराचा आराखडा पुढे केला. बैठकीची खोली, नवरा-बायकोची, ठकीची. चौथ्या चौकोनावर दुकानदाराचं बोट थांबलं. ही खोली सामानाची, असं आत्याने परस्पर सांगून टाकलं.

आई तोवर माझ्या माहितीपत्रकाने वारा घेत उभी होती. ती म्हणाली, "चार खोल्यांचाच द्या. वन्संसाठी नाही म्हणत मी. रिकाम्या खोलीत थंडी राहते आणि मग घरभर हिंडते."

असलं शास्त्र दुकानदाराने कधी ऐकलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाशी वाद घालण्यातला तो नव्हता. आत्या मात्र आराखड्याकडे बघत राहिली. सामानाच्या खोलीला एवढी मोठी खिडकी कशाला, असं तिने विचारलं.

"तुला सकाळचं ऊन लागतं म्हणून," बाबा म्हणाले.

आपल्या खोलीचा रिमोट आपल्याच हातात राहील, एवढ्या अटीवर आत्या यायला तयार झाली. अशी माझी निवड झाली, मित्रांनो! मला फार अभिमान वाटला.

थंडीचे महिने सुखाचे गेले. मग ऋतू बदलला आणि माझी फजिती झाली. माझ्या जातीच्या पंपाला एका वेळी एकच काम जमतं. सगळीकडे ऊब, नाही तर सगळीकडे गारवा. हे विचारायचं सगळ्यांच्याच डोक्यातून निसटलं होतं. एका संध्याकाळी आईने तिच्या खोलीत गारवा मागितला आणि पाठोपाठ आत्याने ऊब मागितली. मी आईचं आधी ऐकलं. आत्याच्या पेटीवर नुसता दिवा लुकलुकत राहिला. झालं, पुन्हा तेच बटण, असं मनात येऊन मी धास्तावलो. आता आत्या सामान बांधून निघणार.

एवढ्यात आईच्या खोलीची मागणी बंद झाली. आत्याला आता ऊब मिळेल म्हणून मी सरसावलो, तर तिचीही बंद. दोघींनी एकमेकींसाठी रिमोट ठेवून दिले होते! मागचं दार उघडून आई पायरीवर वाऱ्याला येऊन बसली. थोड्या वेळाने आत्याही शाल गुंडाळून तिच्या शेजारी येऊन बसली. दोघी बराच वेळ हसत होत्या. त्यानंतर दरवर्षी ऋतू बदलला की त्यांची संध्याकाळ त्या पायरीवरच जायची. मी जवळच गप्प उभा असायचो. ते माझे सगळ्यात चांगले दिवस. आजही आठवले की मन भरून येतं.

पुढे आत्या वारली. तिच्या खोलीची मागणी थांबली. एक नळी गार पडली, तेव्हा मला फार एकटं वाटलं.

आता माझाही पंखा खडखडतो. कोपऱ्यातल्या झाडाची पानं माझ्या जाळीत अडकतात. पूर्वी आत्या ती जाता-येता काढायची, आता कुणाच्या लक्षात येत नाही. ठकीने स्वतःचं घर बांधलं आहे आणि आईबाबा तिकडेच राहायला जाणार आहेत. परवा तिथल्या नव्या पंपाची चौकशी करायला ठकीने कारागिराला इथे बोलावलं होतं. माझ्या शेजारी उभं राहून तो नव्या घराच्या आराखड्यावर खोल्या मोजत होता. बैठकीची, ठकीची, आईबाबांची. तीन पुरेत म्हणाला, चौथीत कुणीच राहणार नाही.

आई त्याच पायरीवर बसली होती.

"चार धरा," ती म्हणाली. "रिकाम्या खोलीत थंडी राहते."

कारागिराने ठकीकडे पाहिलं. ठकीने मान हलवली आणि त्याने चार लिहून घेतले.

मित्रांनो, तुमच्या घरामागेही माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याच्या जाळीतली पानं अधूनमधून काढत जा. आणि नवं घर बांधाल, तेव्हा खोल्यांआधी माणसं मोजा. जे माणूस येणार नाही म्हणतं, त्याला सगळ्यात आधी मोजा.