बोरा बोराची दोन तिकिटं

मी एक जुना पृथ्वीचा गोल आहे, मित्रांनो, आणि खरं सांगतो, मला एका जागी बसवत नाही. पत्र्याचं अंग, मान जन्मापासून कललेली. कारखान्यात मला रंगवून झाल्यावर कारागिरानं कंपनीच्या नावाची चिठ्ठी पॅसिफिक महासागरावर चिकटवली. तिथं नुसतं पाणी, कोण बघतंय, असं त्याला वाटलं असणार. त्या चिठ्ठीखाली मला वर्षानुवर्षं खाज सुटायची. सांगणार कुणाला?

बेळगावाकडच्या कडोलीजवळ एका खेड्यात, मराठी शाळेत मी आलो. परशराम मास्तर मला टेबलावर ठेवून एक टिचकी मारायचे आणि मी गरगर फिरायचो. पोरं ओरडायची, "आनि एकदा, गुरुजी!" ती माझी सुखाची वर्षं. पुढं मास्तरांना माझी काळजी वाटू लागली. रंग उडेल, पोचा पडेल. त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. फिरणं हाच माझा धंदा, आणि मला कोंडून घातलं! जीव नुसता तळमळायचा.

१९७८ साली गावात लक्ष्मीची यात्रा ठरली. शाळेला चुना लावायचा म्हणून मास्तरांनी मला घरी नेलं. यात्रेआधी आमच्याकडं पाच मंगळवार वार पाळतात. त्या दिवशी कुणी शेतात पाऊल टाकायचं नाही, औत जोडायचं नाही, विळा उचलायचा नाही. मास्तरांचं शेत त्यांची बायको जयाबाई बघायची. लग्न झाल्यापासून सुट्टी म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या मंगळवारी ती सोप्यातून परड्यात आणि परड्यातून सोप्यात येरझाऱ्या घालत राहिली. ही बाई माझ्याच जातकुळीतली, मला वाटलं.

शेवटी ती भिंतीवरच्या कॅलेंडरापुढं थबकली. बेळगावच्या रंगाच्या दुकानदारानं ते फुकट दिलं होतं. चित्रात हिरवा डोंगर, भोवती निळंशार उथळ पाणी आणि त्या पाण्याला बाहेरून वाळूचं कडं.

"अवो, ह्ये कुठलं गाव?"

मास्तरांनी खालची इंग्रजी अक्षरं वाचली. "बोरा बोरा."

"तितं जाऊया की."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? पाण्यात पाय सोडून बसायला."

मास्तरांनी चष्मा चढवून मला फिरवलं, शोधलं. सापडेना. सव्वीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. 'माहीत नाही' म्हणायला जीभ उचलेना. म्हणाले, "गोलावर न्हाय म्हंजे असलं गावच न्हाय. चित्र काढलंय कुणीतरी." अरे देवा! चिठ्ठी काढा, चिठ्ठी, असं मी आतल्या आत ओरडत होतो.

दुसऱ्या मंगळवारी जयाबाईनं ओल्या फडक्यानं मला खसाखसा पुसलं आणि चिठ्ठी निघून आली. खाली बारीक ठिपका, शेजारी नाव. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं कॅलेंडर शेजारी धरून एकेक अक्षर जुळवलं आणि मास्तरांना हाक मारली.

"हाय खरं," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "पर लई लांब हाय."

"लांब हाय म्हंजे हाय न्हवं?"

झालं! मग बाई ऐकेना. तिसऱ्या मंगळवारी बेत रचला गेला. लोंढ्यापर्यंत रेल्वे, तिथनं गोव्याची गाडी, पुढं बोट. म्हशीची धार शेजारची मनुबाई काढणार. बरोबर तांबडी चटणी, शेंगा आणि कडक वाळवलेल्या तीस भाकऱ्या. मनुबाई हसून म्हणाली, "आक्का, गोकाकचा धबधबा बघितला न्हाईस आजून, आनि बोटीतनं जातीस व्हय गं?"

"गोकाकला न्यायला कोण हुतं? आता मास्तर येनार हायत."

मास्तर हो म्हणेनात, नाही म्हणेनात. "यात्रा हुंदे, मग बघू." यात्रा झाली, पाव्हणे गेले. मास्तर म्हणाले, "सोमवारी शाळेची तपासणी हाय. ती हुंदे, मग बघू." मित्रांनो, हे 'मग बघू' मला पहिल्यापासून आवडत नाही.

शनिवारी मास्तर शाळेत गेल्यावर जयाबाईनं भाकऱ्या बांधल्या, मला लुगड्यात गुंडाळलं, मास्तरांसाठी मनुबाईकडं निरोप ठेवला आणि आम्ही निघालो. मी आगगाडीत! माझा आनंद काय सांगू!

लोंढ्याला तिनं मला तिकिटाच्या खिडकीवर ठेवलं आणि ठिपक्यावर बोट टेकवलं. "हितं जायाचंय. दोन तिकिटं द्या."

बाबू बघतच राहिला. हसला मात्र नाही, भला माणूस. "आक्का, आमची गाडी समुद्रापातूर जाती. फुडचं आमच्याकडं न्हाय."

"मग समुद्रापातूर द्या."

"दुसरं कोण?"

"येत्यात मागनं."

आणि खरंच आले! गाडी सुटायच्या बेताला होती. जयाबाई डब्याच्या दारात उभी. मास्तर वाटेतल्या खानापूरहून मिळेल त्या ट्रकनं आलेले, घामाघूम, फलाटावरून धावत. तिचा चेहरा असा फुलला, आणि तिनं दारात सरकून जागा केली.

"गोल कुठं हाय?" मास्तर म्हणाले.

"गोल?" तिनं विचारलं.

"शाळेचा गोल गं! फुटला-बिटला असता तर? सोमवारी साहेबांना काय दाखवू?"

तिनं मला त्यांच्या हातात दिलं. "घ्या. चढताय काय?"

मास्तर मला उलटून-पालटून बघत होते, कुठं पोचा पडलाय का. शिट्टी झाली. "अवो, चढताय काय?" तिनं पुन्हा विचारलं. त्यांचे दोन्ही हात माझ्याभोवती होते. गाडीची दांडी धरायला एकही मोकळा नव्हता. गाडी हलली आणि गेली.

सोमवारी साहेब आले. त्यांनी माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. जयाबाई चौथ्या दिवशी परतली आणि सरळ शेतात गेली.

मास्तर रिटायर झाले तेव्हा शाळेत नवा गोल आला आणि मी त्यांच्या घरी आलो. मास्तरांनी समुद्र कधीच पाहिला नाही, नुसता शिकवला. जेवताना ते कधीतरी हळूच विचारायचे, "समुद्र कसा असतोय गं?"

ती भाकरी वाढत म्हणायची, "तुमीच सांगत हुता की पोरांस्नी. निळा असतोय."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझे भाऊबंद तुम्हाला सांगत असतात. माझ्यानं तसं सांगवत नाही. मला जपलं, तिथंच चुकलं. कुणी गाडीच्या दारात उभं राहून 'चढताय काय' म्हणून विचारलं, तर हातात काय आहे ते बघत बसू नका. मी फुटलो तर फुटू दे. मला फलाटावर ठेवा आणि चढा.