अकरावी भेली

मी तराजू बोलतोय. लासूर स्टेशनच्या बाजारातला, लोखंडी दांडीचा, दोन पारड्यांचा. गोड बोलायची सवय नाय मला. ऐकायचं तर ऐका.

निजामावरल्या पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या साली लोहारानं मला ठोकून घडवलं. आधी शेरानं तोललं, मग किलोनं. निम्मी हयात कापूस तोलण्यात गेली. माणसं लई हुशार, गाठोड्यात पाणी शिंपडून आणायची. वजन भरायचं, पण मला कळायचं. ओल्या कापसाचा भार पारड्यात निराळा बसतो. गच्च अन् सुस्त.

पुढं विजेचे काटे आले आणि मला मुंजाबाच्या देवळात टाकलं. आता वर्षातून एकदा, जत्रेला, बाहेर काढतात. गुळाच्या तुलेसाठी. एका पारड्यात नवसाचं लेकरू, दुसऱ्यात गूळ. दांडी सरळ झाली की तो गूळ गावाला वाटायचा.

कस्तुरा तिथंच माझ्या पारड्यात आली. आवडाबाईची नात, तीन वर्षांची. डोकं मोठं, हातपाय आखूड, डोळे चुणचुणीत. तिची हाडंच जन्मापासून आखूड वाढणारी. आवडाबाईनं नवस बोलला होता, "मुंजाबा, पोरगी बाकी लेकरांएवढी होईस्तोवर दर साली हिची गुळाची तुला करीन."

पहिल्या साली गुळाच्या दोन-दोन किलोच्या पाच भेल्या बसल्या. दुसऱ्या साली सहा. इथल्या माणसांची समजूत अशी, की भेल्या वाढल्या म्हणजे देवानं ऐकलं. उंची कोणी बघंना. अन् उंची सांगायला मला काटा नाय.

मग आवडाबाईला चेवच आला. जत्रेच्या दोन महिने आधीपासून पोरीला भरवायची. तूप-भाकर, शिरा, लोणी. शेजारचा फकिरा तिच्याच वयाचा, रानभर उंडारणारा. त्याच्याएवढं ताट हिला. "खाईल तवा वाढंल," म्हणायची.

वाढली. आडवी वाढली.

मागल्या साली, पोरीच्या सातव्या वर्षी, अकरा भेल्या बसल्या. हलगी वाजली, गुलाल उडाला. मी मात्र घाबरलो. तिला पारड्यात बसवायला दोघं लागले. पाय धनुकलीवाणी वाकलेले. बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. घोरायला लागली, मधेच श्वास अडकायचा, मग दचकून आत ओढायची. तेवढा वेळ माझ्या साखळ्या गार पडायच्या. अन् तिचा भार मी ओळखला. ओल्या कापसाचा. हाडात नाय, मांसात नाय, नुसत्या चरबीत. मी दांडी करकरवली. माणसं म्हणाली, "तेल घाला रे या म्हाताऱ्याला."

यंदा पोरीची आई, लक्ष्मीबाई, आधीच शहरातल्या डॉक्टरकडं जाऊन आली. चार महिने तिनं पोरीचं ताट आपल्या हातात ठेवलं. जत्रेत सासूसुनांची माझ्यासमोरच जुंपली.

"आत्याबाई, डॉक्टरनं दंडाची चरबी चिमट्यानं मोजली. म्हणले, देह लहान, मांस कमी. फकिराएवढं जेवण हिला लागतच नाय. वय बघू नका, उंची बघून वाढा. डाळ, दूध, अंडं, भाजी द्या. तूप-गोड आवरा. अन् खेळू द्या."

"पोरीला उपाशी मारायला शिकवतो व्हय तुझा डॉक्टर?"

"उपाशी कुठं? मणक्यावर भार येतोय. पायाला मुंग्या येत्यात तिच्या. उद्या चालणं बंद झालं, तर मुंजाबा कडेवर घेणार हाय का?"

आवडाबाईनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात कस्तुरानं माझी साखळी धरली, गुडघा टेकवला आणि आपली आपण पारड्यात चढली. पहिल्यांदाच. "आजी, बघ! कुणी उचललं नाय मला!"

हलका, कोरडा भार. मला लई बरं वाटलं. घडीभरच.

गूळ चढू लागला. आठ. नऊ. दहा. दांडी सरळ झाली. अकरावी भेली पुजाऱ्याच्या हातातच राहिली.

हलगी थांबली. एकानंबी टाळी वाजवली नाय. "देव कोपला," म्हातारा पुंजाराम म्हणाला. "माघारी गेली पोर." कस्तुराचं हसू तिथंच विरलं. आपलं काय चुकलं, हे ती आजीच्या तोंडावर शोधत होती.

लक्ष्मीबाई नारळ फोडायला आत गेली. आवडाबाईनं पुजाऱ्याच्या हातातली भेली ओढली, पदराखाली घातली आणि नातीला लिंबाखाली नेलं. टांगल्या जागेवरून मला सगळं दिसत होतं.

"खा, माझी बाय. आईला सांगू नको. पुढच्या साली बारा करू."

म्हातारी रडत होती. जीव होता हो तिचा पोरीवर, त्याचीच तर भीती. कस्तुरानं एकदा देवळाच्या दाराकडं पाहिलं. मग आजीचे डोळे पुसले, अन् गुळाला हात घातला.

मी करकरलो. तेलाची बाटली घेऊन कोणीतरी आलं.

आता मी पुन्हा देवळाच्या अडगळीत पडलोय. तुम्ही ऐकलंत, तर एवढं करा. पुढच्या जत्रेच्या आत मला भंगारात घाला. वितळवा, खुरपी करा, कायबी करा. पण त्या लेकराला माझ्या पारड्यात बसवू नका. बाराव्या भेलीची मला आत्तापासून धडकी भरलीय.