अमावास्येला रडणारा ट्रॅक्टर

कळंब्याच्या पुढं, संयोगिताआक्कांच्या अंगणात त्या अमावास्येला पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध त्यांच्या नवऱ्याचा, आकारामचा ट्रॅक्टर. आकाराम जाऊन सव्वा वर्ष झालेलं. गेल्या दोन-तीन अमावास्यांसारखाच मठातल्या बुवांनी नारळ फोडला, इंजिन सुरू करायला लावलं, आणि थोड्याच वेळात खाली लाल थेंब पडू लागले.

"बघा! आकारामचा आत्मा रगात रडतोय!" बुवा गरजले. "फकस्त अवसंलाच! ह्यो ट्रॅक्टर मठाला द्या, आत्मा मोकळा हुतोय!"

आत्म्याला मोकळं व्हायला पन्नास हॉर्सपॉवर कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी हात जोडले. आक्का बॉनेटवर हात ठेवून उभ्या होत्या.

गर्दीत मीही होतो. मी उद्यमनगरात ऑइल सील, म्हणजे यंत्रातलं तेल अडवणारी रबरी कडी, विकतो. आकाराम माझं जुनं गिऱ्हाईक. तो गेल्यावर मीही इकडं फिरकलो नव्हतो, याची मला लाज वाटली.

पुढच्या बुधवारी भर दुपारी गेलो. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

"आक्का, चालू करा बघू."

"आज अवस न्हाय, भावजी. आज न्हाय रडायचा."

दहा मिनिटांत लाल थेंब पडले.

"तुम्ही पूजेपुरता अवसंलाच चालू करताय, म्हणून अवसंलाच गळतंय," मी म्हणालो. "पॉवर स्टिअरिंगचं तेल लालच असतंय. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती हे रबरी कडं, सील, असतंय, आत बारीक स्प्रिंग. ते तेल अडवतंय. ट्रॅक्टर नुसता उभा राहून ते वाळून कडक झालंय. साधं रबर तेलात फुगतंय, म्हणून हे नायट्राईल रबराचं आणलंय. बसवू?"

आक्कांनी बॉनेटवरची धूळ पदरानं पुसली. "बसवा," त्या म्हणाल्या.

पुढच्या अमावास्येला इंजिन अर्धा तास धडधडलं. जमीन कोरडी ठणठणीत.

"आत्मा रुसलाय!" बुवा ओरडले.

"रुसला न्हाय, सील बदललंय की!" गर्दीतला म्हातारा गुंडू म्हणाला; मी त्याला आधीच सगळं सांगितलं होतं. हशा पिकला. बुवांनी काढता पाय घेतला. मागोमाग गर्दीही पांगली.

रिकाम्या अंगणाकडं बघत आक्का म्हणाल्या, "त्ये त्याचं रगात न्हाय, ह्ये मला ठावं हुतं, भावजी. पर वरीसभर हिकडं कुणी फिरकलं न्हवतं. थेंब पडाय लागलं, तशी मानसं याय लागली."

या एकटेपणावर बसवायला माझ्या दुकानात सील नव्हतं.

थेंब पडला की हात जोडण्याआधी वाकून बघा, तो कुठनं येतोय. आणि शेजारी कुणी एकटं पडलं असेल, तर बुवा पोचायच्या आत तुम्ही पोचा.