जुळ्या कार्डाचा हट्ट

"दोन्ही दिवा लागेल शेतस, मंग त्या एकमेकसंगे बोलतस काबरं नही?" लॅपटॉपच्या कडेत खुपसलेल्या कार्डाला नाक लावून अभिमनआबाने विचारलं.

नव्याण्णवच्या हंगामात अमळनेरच्या त्या जिनिंगमध्ये ही भानगड होऊन बसली होती. काट्यावर कापसाची गाडी तोलली, की वजनाची चिठ्ठी मोठं आवार ओलांडून ऑफिसात पोचवायची, हे आबाचं जन्माचं काम. मधे तार टाकून पाहिली, ती उंदरांनी खाल्ली. मग पितांबरशेठने एक बिनतारी कार्ड मुंबईहून मागवलं, दुसरं मेहुण्याकडून सिंगापूरहून. एक काट्यावरच्या लॅपटॉपात, एक ऑफिसातल्या. दिवे दोन्हींचे लागले, वजन मात्र पोचेना. वजन आपोआप जायला लागलं तर आबाला कोण ठेवणार? हे त्याला कळत नव्हतं असं नाही हो! पण कोडं सुटल्याशिवाय त्याला भाकर गोड लागेना.

शेठचा भाचा सतीलाल धुळ्याच्या कॉलेजात शिकवायचा. तो म्हणाला, "आबा, दोन्ही बिनतारीच. पण हे एकाच लहरीवर थांबून बोलतं, आणि ते सारखं या लहरीवरून त्या लहरीवर उड्या मारतं. गाठ पडणार कशी?"

"म्हंजे एक भाऊ जत्रामा रथजोडे उभा, दुसरा बठ्ठी जत्रा फिरी ऱ्हायना!"

"अगदी तसंच!"

"मंग दोन्हीसले खाच सारखीच काबरं?"

"खाच सगळ्यांची सारखीच असते, आबा. बोलायची रीत वेगळी."

शेठ वैतागले. "परत करून टाक रे ते सगळं! आपला आबाच बरा."

सुटला होता की म्हातारा! पण गप्प बसेल तो अभिमन कसला!

"शेठ, एक डाव मुंबईवालाना जुळा भाऊ आना ना. दखूत तरी!"

जुळं कार्ड आलं, नारळ फुटला. आबा ऑफिसात पडद्यासमोर उभा. तिकडे काट्यावर तानुबाई नावाच्या शेतकरणीची गाडी चढली, आणि इकडे आकडा उमटला.

"ऊना ना भो! पाय नही, तरी ऊना!" आबाने टाळ्याच पिटल्या.

शेठही हसले. मग नजर चुकवत म्हणाले, "आबा, हंगाम संपेपर्यंत राहा."

स्वतःच्या तोंडानेच आबाने हे ओढवून घेतलं होतं.

"बरं शेठ," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. "आखो एक गाडी चढू द्या. आकडा कथाईन येस, जरासं दखू द्या."

शेठ उठले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली. आबा बसला. त्या ऑफिसात तो आजवर कधी बसला नव्हता.