चाळीस फूट चुकलेला दगड

मी हद्दीचा दगड बोलतोय. ओझार्कच्या डोंगरात मिसुरी, आर्कान्सा आणि ओक्लाहोमा ही तीन राज्यं जिथे मिळतात, तिथला. म्हणजे लोक तसं समजतात. खरं सांगू? चुकीच्या जागी उभं राहून मी थकलोय.

मोजणीदारांनी मला घडवलं, तीन अंगांवर तीन राज्यांची नावं कोरली. रोवण्याआधी खड्ड्यात टोपलंभर कोळसा ओतला. दगड कोणीही हलवतो, पण पुरलेला कोळसा जागा सोडत नाही आणि कुजतही नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढे हॉबर्ट स्लेप या शेतकऱ्याचा नांगर मला सारखा अडखळू लागला. त्याने दोन खेचरं जुंपली आणि मला चाळीस फूट ओढत कुंपणापाशी रोवलं. "दगड तोच आहे ना? मग झालं तर!" असं बायकोला म्हणाला आणि जेवायला गेला.

बऱ्याच वर्षांनी काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, मतांनी निवडून आलेला मोजणीदार ऑर्व्हिल टॅकेट आला. पहिल्या मोजणीदारांनी जवळच्या जुन्या ओकच्या खोडावर माझ्यापर्यंतचं अंतर कोरून ठेवलं होतं; त्यावरून त्याने मोजणीची साखळी धरली, तर खरी जागा मक्याच्या रानात निघाली. त्याने तसं चारचौघांत सांगितलं, पण उभ्या मक्यात त्याला कोणी खणू दिलं नाही.

"ऑर्व्हिल, दगड समोर दिसतोय की! सकाळीच घोट घेतलास वाटतं?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

दारू वर्ज्य मानणाऱ्या बॅप्टिस्ट पंथाचा माणूस तो, थेंबाला कधी शिवला नव्हता. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला पाडलं. माझ्यामुळे! त्या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

गेल्या वर्षी त्याची मुलगी व्हर्ना आली. सत्तरीची, गुडघे धरलेले, तीही मोजणीदार. सोबत हॉबर्टचा नातू ड्वाइट.

"मिस व्हर्ना, कशाला उगाच जिवाला त्रास?"

"तू फावडं चालव रे, तोंड नको."

माझ्याखाली नुसती लाल माती निघाली. मग वडिलांची वही उघडून ती ओकच्या उरलेल्या बुंध्यापासून मोजत मक्यात शिरली. ड्वाइट दोन हात खणून थांबला. माती काळी होती.

व्हर्ना तिथेच बसली. मुठीत कोळसा धरून रडली. "डॅडी, तुमचंच बरोबर होतं हो."

"आमच्या आजोबांचा उद्योग हा," ड्वाइट म्हणाला आणि त्याने टोपी काढली.

मला परत खऱ्या जागी नेण्यासाठी तिने तिन्ही राज्यांकडे अर्ज केले. तिन्हीकडून उत्तर एकच आलं: इतकी वर्षं सगळ्यांनी मानली तीच हद्द खरी, दगड हलवू नये.

म्हणून मी इथेच आहे. लोक येतात, दोन राज्यांत दोन पाय आणि तिसऱ्यात हात टेकून फोटो काढतात, हसत निघून जातात. काढा बापडे. पण नंतर कुंपण ओलांडून मक्यात जा. तिथे व्हर्नाने लोखंडी सळई ठोकली आहे, तिच्या डोक्यावरच्या पितळी चकतीवर ऑर्व्हिल टॅकेटचं नाव आहे. ते मोठ्याने वाचा, मला इथपर्यंत ऐकू येईल असं.