सत्त्याण्णव गुणांचा मेंदू

"माझे सत्त्याण्णव!" म्हातारी गिन्का ओरडली आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. डॅन्यूब नदीकाठच्या त्या गावातली सगळी पेन्शनर मंडळी टॅबलेटवर बोटं आपटत बसली होती.

"बघा! तीन आठवड्यांपूर्वी या आजींना चाळीस होते," हा खेळ गावात घेऊन आलेला, पांढऱ्या कोटातला प्लामेन म्हणाला. "पुस्तकांनी मेंदूवर धूळ बसते, मंडळी! इंटरनेटच्या लहरी ती झाडून काढतात. रोज अर्धा तास माझा खेळ, की मेंदू तिशीतला!"

भौतिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका झ्लातिनाबाई मागच्या बाकावर ओठ आवळून बसल्या होत्या. शेजारी नवरा, योर्दान. हिवाळ्यापासून ते विसरायला लागले होते. आधी माणसांची नावं, मग चुलीवरचं भांडं. शहरातल्या डॉक्टरांची वेळ ठरली होती, पण ते हटून बसले. "सत्त्याण्णव गुण मिळवणाऱ्याला डॉक्टर कशाला गं?"

सत्त्याण्णव! खेळातल्या चित्रात कोंबडीला बैल म्हणणाऱ्या माणसाला? बाईंना राहवलं नाही. घरी त्यांनी टॅबलेट घेतला, नवं नाव घातलं आणि डोळे मिटून वाटेल तिथे बोट दाबलं. चाळीस. मग टॅबलेटची तारीख तीन आठवडे पुढे सरकवली, पुन्हा डोळे मिटले. सत्त्याण्णव.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांना रुमाल बांधून त्यांनी हेच सगळ्यांसमोर करून दाखवलं.

"हा खेळ तुमचा मेंदू मोजत नाही, दिवस मोजतो! जितके दिवस जास्त, तितके गुण जास्त. लहरीबिहरी काही नाही."

प्लामेन हसला. "बाई मुळातच हुशार. डोळे मिटले म्हणून मेंदू थोडाच मिटतो!"

लोक खळखळून हसले.

"आम्हाला बरं वाटतंय, ते बघवत नाही का हो तुम्हाला?" गिन्का म्हणाली.

"अगं, वाटण्याचं काय घेऊन बसलीस! पुस्तक वाच, इंटरनेटवर लेकीशी बोल, नवं काही शोध. डोकं चालवलंस तर पुस्तक नि इंटरनेट दोन्ही चांगलं. पण विसर वाढला, तर आधी डॉक्टर गाठ. हा आकडा कुणालाही बरं करत नाही."

लोकांनी पुन्हा खेळासाठी रांग लावली. योर्दानही उठले.

"योर्दान, आत्ता पाहिलंस ना तू?"

"पाहिलं की. छान दाखवलंस." त्यांनी बायकोच्या गालावर हात ठेवला. "एवढं एकदाच. आज अठ्ठ्याण्णव होतील बघ."

रागाने निघून जावं, असं बाईंना वाटलं. पण मागून त्यांना एकट्याला घर सापडलं नसतं. म्हणून बाई त्यांचा हात धरून त्याच रांगेत उभ्या राहिल्या.

वाचकहो, गुण वाढले की टाळी जरूर वाजवा. पण त्याआधी विचारा, मोजलं काय आणि कसं? तुम्ही विचारलंत, तर निदान तुमच्या घरच्या माणसाची डॉक्टरची वेळ तरी चुकणार नाही.